जुना डेक, नवी स्क्रीन आणि २०० जीबी संगीत: गाडीत नीट वाजवायचं कसं?

आडा_चौताल

घरच्या हार्ड डिस्कवर साधारण २०० जीबी संगीत आहे. त्यातलं १६० जीबी फ्लॅक (दर्जा न घटवता दाबलेल्या फायली), स्वतःच्या सीडींवरून उतरवलेलं. उरलेलं ४० जीबी बहुतेक एमपीथ्री, १२८ पासून ३२० केबीपीएसपर्यंत काहीही. ख्याल, नाट्यसंगीत, भावगीतं, थोडं वाद्यसंगीत. टॅग, म्हणजे फाइलच्या आतच लिहिलेली गाण्या-गायकाची नावं, बहुतेक देवनागरीत, हाताने भरलेले.

गाड्या दोन आहेत.

पहिली २०१२ची हॅचबॅक. कंपनीचाच डेक, दोन ओळींचा डिस्प्ले, सीडी, यूएसबी आणि ३.५ मिमीचा ऑक्स. ब्लूटूथ नाही.

दुसरी २०२२ची. सात इंची टचस्क्रीन, यूएसबी, ब्लूटूथ, वायरने चालणारं अँड्रॉइड ऑटो (फोनमधली अ‍ॅप गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय). फोन अँड्रॉइड आहे, त्याला हेडफोनचं भोक नाही.

अडचणी अशा:

१. ६४ जीबीचा नवा पेन ड्राइव्ह जुन्या डेकला दिसतच नाही. नव्या गाडीत तोच वाजतो.
२. ८ जीबीचा जुना पेन ड्राइव्ह जुन्या डेकवर चालतो, पण गाण्यांचा क्रम भलताच. द्रुत आधी, विलंबित नंतर.
३. नावांच्या जागी कुठे चौकटी, कुठे प्रश्नचिन्हं.
४. जुन्या तबकड्यांवरची नाट्यपदं इतकी बारीक ऐकू येतात की आवाज वाढवावा लागतो, आणि पुढचं गाणं लागलं की दचकायला होतं.
५. मैफिलीची ध्वनिमुद्रणं तुकड्यांत आहेत. दर तुकड्याला मध्ये खड्डा पडतो.

स्ट्रीमिंग सुचवू नये ही विनंती. घाटात रेंज नसते आणि यातलं निम्मं कुठल्याच अ‍ॅपवर नाही. डेक बदलणं हा शेवटचा उपाय ठेवायचा आहे.

---

ठोकताळा

एक गोष्ट आधी ठरवून टाका: घरचा संग्रह आहे तसाच राहू द्या, त्याला हात लावायचा नाही. गाडीसाठी वेगळी प्रत काढायची, आणि ती तुमच्या दोन गाड्यांमधल्या सर्वांत मठ्ठ डेकला झेपेल अशी. तुमच्या पाचांपैकी चार अडचणी तिथेच सुटतात, कारण प्रतीत काहीही मोडतोड करता येते. फ्लॅकचं एमपीथ्री करा, टॅग रोमन करा, आवाज वरखाली करा, मूळ सुरक्षित.

पेन ड्राइव्ह न दिसणं. ६४ जीबीचा ड्राइव्ह बरेचदा कारखान्यातूनच एक्सफॅट या फाइल सिस्टीममध्ये, म्हणजे फायली मांडून ठेवण्याच्या पद्धतीत, येतो. २०१२च्या आसपासचे डेक बहुधा फक्त फॅट३२ वाचतात. एक्सफॅट आणि एनटीएफएस त्यांना अनोळखी. बऱ्याच विंडोज आवृत्त्यांत नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीच्या वर फॅट३२चा पर्याय येत नाही, म्हणून लोकांना वाटतं की ते होतच नाही. होतं. रूफस हा फुकट प्रोग्रॅम घ्या. ‘बूट सिलेक्शन’ला ‘नॉन बूटेबल’, ‘पार्टिशन स्कीम’ला एमबीआर, फाइल सिस्टीमला ‘लार्ज फॅट३२’, क्लस्टर ३२ किलोबाइट. ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल, हे लक्षात ठेवून मगच ‘स्टार्ट’ दाबा.

इथे एमबीआर महत्त्वाचं. फाइल सिस्टीम बरोबर असूनही पार्टिशनची मांडणी जुन्या एमबीआरऐवजी नवी जीपीटी असेल तर जुना डेक ‘नो डिव्हाइस’च म्हणतो. मॅकवर फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हचं हेच दुखणं असतं. तिथे डिस्क युटिलिटीत ‘व्ह्यू’मधून ‘शो ऑल डिव्हायसेस’ निवडल्याशिवाय मांडणी बदलण्याचा पर्याय दिसत नाही. शिवाय मॅक प्रत्येक गाण्याबरोबर टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी एक छुपी फाइल टाकतो. डेकला ती गाणंच वाटते, म्हणून प्रत्येक खऱ्या गाण्याआधी एक मुकं गाणं येतं. मॅकच्याच टर्मिनलमध्ये ‘डॉट_क्लीन’ नावाची आज्ञा आहे, ती ड्राइव्हवर चालवली की हा कचरा जातो.

क्रम. बरेच जुने डेक नावाप्रमाणे लावत नाहीत आणि ट्रॅक नंबरही बघत नाहीत. फॅटच्या तक्त्यात फायलींच्या नोंदी ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या, त्या क्रमाने वाजवतात. म्हणजे तुम्ही कॉपी केल्याच्या क्रमाने. विंडोजमध्ये दहा फायली निवडून ओढताना ज्या फाइलवर बोट धरून ओढता, ती पहिली जाते. तुमचं द्रुत आधी येण्याचं कारण बहुधा हेच. त्यात मधली एक फाइल पुसून नवी टाकली, तर नवीची नोंद पुसलेल्याच्या जागी जाऊन बसते. म्हणून ‘शेवटी टाकलेलं’ गाणं मधेच वाजतं.

उपाय दोन. एक, सगळं पुसून दर वेळी नावाच्या क्रमाने एकेक फोल्डर कॉपी करणं, म्हणजे दुपार गेली. दुसरा, ड्राइव्ह भरून झाल्यावर नोंदी नावाप्रमाणे पुन्हा लावणारा प्रोग्रॅम एकदा चालवणं: विंडोजवर ड्राइव्हसॉर्ट, लिनक्सवर फॅटसॉर्ट. फॅटसॉर्टच्या आधी ड्राइव्ह अनमाउंट करायला विसरू नका. नवं काही टाकलंत की परत चालवायचा, मिनिटभराचं काम.

नावांच्या सुरुवातीला आकडे टाका, आणि दोन आकडी: ०१, ०२, … १०. नुसतं १, २ ठेवलंत तर १ नंतर १० येतो.

किती मावेल. ३२० केबीपीएसला मिनिटाला २.४ एमबी, २५६ला १.९, १९२ला १.४. तुमचं १६० जीबी फ्लॅक सरासरी ८०० केबीपीएस धरलं तर साडेचारशे तासांच्या आत-बाहेर. ते २५६ला आणलं की ५१ जीबीच्या आसपास, आणि ४० जीबी आधीचं. ९१ जीबी झाले. वेष्टणावर १२८ जीबी लिहिलेल्या ड्राइव्हवर विंडोज ११९ दाखवतं, तेव्हा जागेपुरतं एकात बसेल.

पण बसवू नका. जुन्या डेकला एकूण फायली, एकूण फोल्डर आणि फोल्डरात फोल्डर किती खोल, या तिन्हींच्या मर्यादा असतात. त्या गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत यूएसबीच्या पानावर दिलेल्या असतात. मर्यादेपलीकडचं डेक सरळ गाळतो, चूक म्हणून काही दाखवतही नाही. शिवाय चावी फिरवल्यावर सगळ्या फायलींची यादी वाचून होईपर्यंत ‘रीडिंग’ येत राहतं. त्यापेक्षा ३२ जीबीचे तीन ड्राइव्ह घ्या: एक ख्यालाचा, एक नाट्यसंगीताचा, एक भावगीतांचा. ३२ जीबीला फॅट३२चा झगडाही नाही. आणि दोन ओळींच्या डिस्प्लेवर बोटाने चक्री फिरवत ९०० फोल्डरांतून यमन शोधणं हे चालत्या गाडीत करण्यासारखं काम नव्हे.

रूपांतर. फूबार २००० आणि त्याचा फुकट एन्कोडर पॅक. कन्व्हर्टमध्ये एमपीथ्री, लेम हा एन्कोडर, २५६ सीबीआर (सगळीकडे एकच बिटरेट). व्हीबीआर (गरजेप्रमाणे बदलणारा बिटरेट) तसं बरं, पण जुन्या डेकवर त्याची वेळ चुकीची दिसते आणि पुढे-मागे नेताना उडी चुकते, म्हणून सीबीआर. तबकडीवरून आलेल्या गाण्यांना १९२ पुष्कळ झालं, त्यात वरच्या पट्टीत खरखरीशिवाय फारसं काही नसतं. जे आधीपासून १२८ आहे ते पुन्हा एन्कोड करू नका, तसंच कॉपी करा. १२८चं ३२० केल्याने फक्त फाइल फुगते.

---

वायरमन_६२

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन, फक्त ड्राइव्ह कसला घ्यायचा ते राहिलं.

जुन्या गाडीच्या यूएसबीला पोर्टेबल हार्ड डिस्क लावू नका. त्या पोर्टमधून साधारण ५०० मिलीअँपिअर मिळतात, चकती फिरायला सुरुवात होताना त्याहून जास्त लागतात. कट्-कट् आवाज येतो आणि डिस्क परत परत बंद-चालू होते. यूएसबी हबही बहुतेक डेक ओळखत नाहीत. आणि गाडीत दोन यूएसबी असतील तर एक नुसतं चार्जिंगचं असू शकतं. त्यात ड्राइव्ह घालून ‘खराब निघाला’ म्हणणारे रोज भेटतात.

ड्राइव्ह बुटका घ्या, बोटाच्या पेराएवढा. लांब ड्राइव्हला गिअर टाकताना हात किंवा गुडघा लागतो आणि ड्राइव्हऐवजी डेकचं सॉकेट ढिलं होतं, ते बदलायचं म्हणजे डेक उघडणं आलं. बुटका ड्राइव्ह तापतो जास्त, हे खरं. साध्या ड्राइव्हची कामाची मर्यादा ४५ ते ६० अंश असते आणि मे महिन्यात उन्हात काचा बंद करून उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७०च्या वर जातो. गाडी लावली की काढून ग्लोव्ह बॉक्समध्ये टाका. प्रत घरी आहेच, मेला तर मेला.

स्वस्तात मिळालेला मोठ्या क्षमतेचा ड्राइव्ह आधी एचटूटेस्टडब्ल्यूने तपासा. नकली ड्राइव्ह लेबलवर १२८ दाखवतो आणि आत १६च असतात. कॉपी बिनतक्रार होते, वाजवताना मात्र ठरावीक गाण्यानंतर सगळं मुकं.

आता ऑक्स. तुमच्या फोनला भोक नाही, तेव्हा टाइप-सीची शेपटी लागेल. ती डॅकवालीच घ्या, म्हणजे डिजिटलचा अ‍ॅनालॉग आवाज करणारी चिप आत असलेली. बाजारात दीड-दोनशेत मिळणाऱ्या काही शेपट्यांत नुसत्या तारा असतात आणि त्या फोननेच अ‍ॅनालॉग आवाज सोडावा अशी अपेक्षा धरतात. बरेच फोन तो सोडत नाहीत. लावल्यावर फोन काहीच दाखवत नाही, आवाज स्पीकरवरच राहतो. फोनचा आवाज ८०-९० टक्क्यांवर ठेवून पुढचं डेकवर करा. फोन कमी आणि डेक जास्त ठेवलात तर सूं-सूं वाढते.

फोन गाडीतच चार्जिंगला लावला आणि ऑक्सही जोडला की अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी येते. ती अल्टरनेटरची. चार्जरची अर्थ (ग्राउंड वायर) आणि ऑक्सची अर्थ असे दोन रस्ते झाले की तो गोंगाट ऑक्सच्या तारेतून आत येतो. खात्री करायला चार्जिंगची वायर काढा, शिट्टी गेली तर निदान पक्कं. ऑक्सच्या मधे ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, बाकी काही नाही. अगदी स्वस्तातला घेतलात तर खर्ज पातळ होतो, पखवाज ऐकणाऱ्याला लगेच कळेल. डेक उघडून अर्थ वायर इकडून तिकडे हलवण्याचा सल्ला कोणी दिला तर आयसोलेटर आधी लावून बघा.

ऑक्सला लावायचा ब्लूटूथ रिसीव्हर हाही मार्ग आहे. त्यालाही गाडीतूनच ५ व्होल्ट दिलेत तर हीच शिट्टी येते. बॅटरीवाला घ्या.

एफएम ट्रान्समीटर: नको. लायटरच्या सॉकेटात बसतो, स्वस्त असतो, पण मुंबई-पुण्यात ९१.१, ९३.५, ९८.३ अशी दोन्ही शहरांत स्टेशनं बसलेली आहेत आणि मधल्या जागाही भरलेल्या. एक्स्प्रेस वेवर तासाभरात दोनदा फ्रिक्वेन्सी बदलावी लागते. शिवाय एफएमवर १५ किलोहर्ट्झच्या वर काही जात नाही. फक्त सीडी आणि रेडिओ असलेल्या गाडीला नाइलाज म्हणून ठीक. तुम्हाला यूएसबी आहे.

---

खुंटी

जुन्या गाडीपुरतं सगळं मान्य. नव्या गाडीसाठी मात्र पेन ड्राइव्हच्या मागे लागू नका. तिथे फोनच वापरा.

अँड्रॉइड ऑटोवर चालणारे आणि फोनमधल्या फायली वाजवणारे प्लेअर आहेत: पॉवरअँप, व्हीएलसी, म्युझिकोलेट. फ्लॅक तसंच वाजतं, रूपांतराची गरज नाही. देवनागरी अक्षरं फोन स्वतः काढून स्क्रीनवर पाठवतो, म्हणून डेकच्या फॉन्टशी संबंधच उरत नाही. तुमची तिसरी अडचण इथे आपोआप संपली. म्युझिकोलेट इंटरनेटची परवानगीच मागत नाही, घाटात त्याला काही फरक पडत नाही.

लोक एक गफलत करतात. अँड्रॉइड ऑटो चालू असताना गाणं ब्लूटूथवरून जात नाही, केबलमधून जातं (बिनतारी असेल तर वाय-फायवरून). ब्लूटूथ कॉलसाठी राहतं. म्हणून ‘ब्लूटूथचा आवाज चपटा’ ही तक्रार इथे लागू नाही. नुसत्या ब्लूटूथवर कोडेक, म्हणजे आवाज दाबून पाठवायची पद्धत, बघावा लागतो. दोन्हीकडे काहीच जुळलं नाही तर एसबीसी, जो चांगल्या सेटिंगला ३२८ केबीपीएसपर्यंत जातो. धावत्या गाडीत तो पुरेसा आहे, उगाच बदनाम आहे. ब्लूटूथवर आवाज मुळातच बारीक वाटत असेल तर फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम’ बंद करून फोनचा आणि गाडीचा आवाज वेगवेगळा लावून बघा.

करायच्या गोष्टी तीन. केबल डेटावाली आणि मीटरभराच्या आतली. नुसत्या चार्जिंगच्या केबलने ऑटो सुरूच होत नाही, आणि सैल केबलने खड्ड्यागणिक तुटतं. प्लेअरला बॅटरीच्या सेटिंगमध्ये ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा, नाहीतर तासाभराने फोनच त्याला झोपवतो आणि गाणं मधेच थांबतं. तिसरं, गाडी चालत असताना ऑटो लांब याद्या पूर्ण दाखवत नाही, काही ओळींनंतर ‘गाडी थांबवा’ म्हणतो. एका फोल्डरात २०० गाणी ठेवलीत तर शेवटची दीडशे चालत्या गाडीत हाताला लागणार नाहीत. घरीच प्लेलिस्ट करून ठेवा.

---

ठोकताळा

@खुंटी, नव्या गाडीबाबत पटलं. एकच भर: त्या गाडीत फोन बदलत असेल, कधी घरातल्या कोणाचा तर कधी चालकाचा, तर एक पेन ड्राइव्ह ठेवलेला बरा. फोन उतरला की संगीतही उतरतं.

---

मंद्र_सप्तक

चौथ्या आणि पाचव्या अडचणीबद्दल कोणी सविस्तर लिहिलं नाही, आणि आपल्या प्रकारच्या संगीतात खरा त्रास तिथेच आहे.

आवाजाची पातळी. रिप्लेगेन टॅग (गाणं किती वर-खाली करून वाजवायचं याची नोंद) लावून फोनवर काम होतं, कारण पॉवरअँपसारखे प्लेअर तो वाचतात. गाडीचे डेक सहसा वाचत नाहीत. त्यांच्यासाठी फाइलच्या आतच बदल करावा लागतो. एमपीथ्रीगेन हा जुना प्रोग्रॅम तेच करतो. एमपीथ्रीच्या प्रत्येक फ्रेममध्ये पातळीचा एक आकडा असतो, तो १.५ डेसिबलच्या टप्प्यांनी हलवतो. पुन्हा एन्कोड होत नाही, त्यामुळे दर्जा जात नाही आणि उलटही फिरवता येतं. मूळ लक्ष्य ८९ डेसिबल असतं. धावत्या गाडीत टायरचा आवाज बराच असतो, म्हणून ९२ ठेवा. त्याहून वर नेऊ नका, तारसप्तकात फाटायला लागतं. यादीत ‘क्लिपिंग’च्या रकान्यात खूण आलेल्या फायली तेवढ्या ९०वर आणा.

दोन प्रकारचे गेन आहेत आणि इथेच चूक होते. सुट्या गाण्यांना, म्हणजे तुमची नाट्यपदं आणि भावगीतं, ‘ट्रॅक गेन’. प्रत्येक गाणं एका पातळीला येतं, दचकणं थांबतं. पण एकाच मैफिलीच्या तुकड्यांना ट्रॅक गेन लावलात तर आलाप आणि द्रुत सारख्याच जोराने वाजतील, मैफिलीचा चढच मारला जाईल. त्यांना ‘अल्बम गेन’, म्हणजे सगळ्या तुकड्यांना मिळून एकच बदल. म्हणून दोन्ही प्रकार आधीच वेगळ्या फोल्डरांत ठेवा.

उलट फिरवण्यासाठीची माहिती एमपीथ्रीगेन फाइलच्या शेवटी एपीई टॅगमध्ये लिहितो. काही जुन्या डेकना तो टॅग चालत नाही, गाणं संपताना टक् असा आवाज येतो. प्रतच आहे, उलट फिरवायचं नाहीच, तेव्हा एमपीथ्रीटॅगमधून तो टॅग पुसून टाका.

मधले खड्डे. एमपीथ्रीच्या सुरुवातीला आणि शेवटी एन्कोडर-डिकोडरची मिळून काही कोरी जागा राहते. लेमच्या बाबतीत सुरुवातीलाच ११०५ नमुने, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला २५ मिलीसेकंद. चांगला प्लेअर ती कापतो, गाडीचा डेक कापत नाही. वर पुढची फाइल शोधायला तो अर्धा-एक सेकंद घेतो. सगळं मिळून विलंबिताच्या समेच्या जरा आधी नेमका खड्डा पडतो.

याला डेकवर इलाज नाही, म्हणून एक मैफल एक फाइल. फूबारच्या कन्व्हर्टमध्ये ‘मर्ज ऑल ट्रॅक्स इनटू वन आउटपुट फाइल’ आहे, ते फ्लॅकवर वापरा. म्हणजे आधी जोडायचं, मग एकदाच एन्कोड करायचं. तयार एमपीथ्री नुसते जोडले तर कोरी जागा मधे तशीच राहते. ५० मिनिटांची फाइल २५६ला ९६ एमबी होते, डेकला जड नाही. तोटा एवढाच की पुढे नेताना बटण धरून बसावं लागतं, आणि काही डेक गाडी बंद-चालू झाल्यावर फाइलच्या सुरुवातीला जातात. तसा डेक असेल तर विलंबित एक फाइल, मध्यलय-द्रुत दुसरी, असं रागाच्या नैसर्गिक सांध्यावर तोडा. तिथे अर्धा सेकंद खटकत नाही.

---

आडा_चौताल

सर्वांचे आभार. ३२ जीबीचा ड्राइव्ह करून बघितला. जुन्या डेकवर दिसला, क्रमही लागला. दोन गोष्टी उरल्या.

एक: काही फायली डेक वगळतो. एक्स्टेन्शन एम४ए आहे. त्यातल्याच इतर एम४ए वाजतात.

दोन: नव्या गाडीच्या स्वतःच्या यूएसबी प्लेअरवर नावं आता दिसतात, पण मोडकी. ‘कि’ची वेलांटी क नंतर येते, जोडाक्षरं पाय मोडून सुटी दिसतात. जुन्या डेकवर प्रश्नचिन्हंच.

---

ठोकताळा

एम४ए ही नुसती पिशवी आहे. आत एएसी (एमपीथ्रीसारखंच दाबलेलं) असेल तर डेक वाजवतो, अ‍ॅपल लॉसलेस असेल तर नाही. मीडियाइन्फोमध्ये फाइल उघडली की ‘फॉरमॅट’समोर दिसेल. लॉसलेस निघालेल्या फायली फ्लॅकसारख्याच एमपीथ्री करून घ्या. हेच २४ बिट/९६ किलोहर्ट्झचं. नव्या गाडीत ‘फ्लॅक चालतं’ असं लिहिलेलं असलं तरी बऱ्याचदा ते ४८ किलोहर्ट्झपर्यंतच असतं. आणि फाइल वाजते पण सुरू व्हायला चार-पाच सेकंद लागतात, असं असेल तर आतलं मुखपृष्ठाचं चित्र बघा. ३००० बाय ३०००चं चित्र आधी वाचून मग डेक गाण्याकडे वळतो. ५०० बाय ५००, साधं बेसलाइन जेपेग करा. प्रोग्रेसिव्ह जेपेग काही डेकना दिसत नाही.

अक्षरांची गोष्ट जरा सुटी करून बघायला हवी, कारण चार वेगळे रोग आहेत आणि औषध दोघांनाच आहे.

प्रश्नचिन्हं किंवा रिकामं: डेक आयडीथ्रीची, म्हणजे एमपीथ्रीतल्या टॅगच्या पद्धतीची, जुनी आवृत्ती १ वाचतोय. तीत गाणं, गायक, अल्बम यांना जेमतेम ३०-३० बाइट असतात आणि युनिकोड नसतं, त्यामुळे देवनागरी लिहितानाच प्रश्नचिन्ह झालेलं असतं.

डोक्यावर टोप्या घातलेली विचित्र रोमन अक्षरं: टॅग २.४ आवृत्तीत यूटीएफ-८ने लिहिलाय, डेक तो जुन्या युरोपीय अक्षरसंचासारखा वाचतोय.

या दोघांना औषध एकच. एमपीथ्रीटॅगमध्ये ‘ऑप्शन्स’, ‘टॅग्ज’, ‘एमपीईजी’ असं जा. ‘राइट’खाली आयडीथ्री २.३ यूटीएफ-१६ निवडा, आवृत्ती १ लिहिणं बंद करा आणि ‘रिमूव्ह’खाली ती पुसायला सांगा. मग सगळ्या फायली निवडून एकदा सेव्ह.

चौकटी: डेकमध्ये देवनागरी फॉन्टच नाही. औषध नाही.

मोडकी वेलांटी आणि सुटे हलन्त: फॉन्ट आहे, पण अक्षरं जुळवून मांडणारी यंत्रणा नाही. ‘कि’ युनिकोडमध्ये आधी क आणि मग वेलांटी असंच साठवलेलं असतं. वेलांटी डावीकडे नेऊन बसवणं हे दाखवणाऱ्याचं काम, आणि ते तुमच्या गाडीचा प्लेअर करत नाही. टॅगमध्ये वेलांटी आधी टाइप करून ‘दुरुस्त’ करायच्या भानगडीत पडू नका. गाडीत बरं दिसेल आणि शोधात, क्रमवारीत सगळीकडे बिघडेल. कंपनीचं सॉफ्टवेअर अपडेट आलं तर सुटेल, एरवी नाही.

तेव्हा पेन ड्राइव्हच्या प्रतीत टॅग आणि फायलींची नावं रोमनमध्ये. स्वरचिन्हं, टिंबं काही नको, साधी २६ अक्षरं. दोन ओळींच्या डिस्प्लेवर पंधरा-सोळा अक्षरंच एका वेळी दिसतात, म्हणून ओळखायचा शब्द आधी: ‘यमन विलंबित’, ‘राग यमन, विलंबित एकताल’ नव्हे. सगळ्यांच्या सुरुवातीला ‘राग’ आला की स्क्रीनवर रागच राग दिसतात.

---

वायरमन_६२

डेक बदलायची वेळ आलीच तर एवढं बघून जा.

जुन्या गाडीचं भोक मोजा. सिंगल डिन १८० बाय ५० मिमी, डबल डिन १८० बाय १००. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत रुंदी २०० असते, तिथे बाजूला पट्ट्या लागतात. कंपनीचा डेक डॅशबोर्डच्या आकाराला धरून वाकडातिकडा असेल तर त्या मॉडेलची फ्रेम वेगळी घ्यावी लागते, तिचे पैसे आधी विचारा.

वायर कापू देऊ नका. गाडीचा कपलर आणि डेकचा कपलर यांच्यामध्ये बसणारी लूम मिळते. ती लावली की उद्या जुना डेक परत बसवता येतो.

काम झाल्यावर तिथेच दोन तपासण्या करा. चावी काढून पाच मिनिटं थांबा, परत लावा. घड्याळ आणि रेडिओची स्टेशनं गेली असतील तर पिवळी आणि लाल वायर उलट लागली आहे. पिवळी कायम १२ व्होल्टची, लाल चावीबरोबरची. उलट, चावी काढूनही डेक चालूच राहत असेल तर दोन्ही पिवळीवर जोडल्यात, आणि गाडी आठवडाभर उभी राहिली की बॅटरी बसेल. मग बॅलन्स पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, फेडर पुढे-मागे फिरवून प्रत्येक दरवाजाचा स्पीकर ऐका. पांढरी पुढची डावी, राखाडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी; काळी रेघ असलेली वायर त्या-त्या जोडीची उणे. एका जोडीचं अधिक-उणे उलटं लागलं तर आवाज येतो सगळीकडून, पण तबल्याचा डग्गा गायब होतो. फिटर म्हणेल स्पीकर हलके आहेत. बॅलन्स एका बाजूला नेल्यावर डग्गा परत आला तर स्पीकर ठीक आहेत, वायर उलटून घ्या.

खोक्यावरच्या ‘५० वॉट गुणिले ४’कडे बघू नका, तो कमाल आकडा असतो. आतल्या पुस्तिकेत आरएमएस, म्हणजे सलग देता येणारी ताकद, बघा, विशीच्या आसपास असतो. कंपनीच्या स्पीकरना तेवढं पुरतं.

---

आडा_चौताल

म्हणजे जुन्या गाडीला रोमन टॅगवाले तीन ड्राइव्ह, नव्या गाडीला फोनवर फ्लॅक आणि देवनागरी जशीच्या तशी. एक शंका: घरी नवीन काही भरलं की दोन्ही प्रतींत जाण्यासाठी सोपं काही?

---

खुंटी

फोनसाठी सिंकथिंग. घरच्या वाय-फायवर आलात की नवीन फायली आपोआप फोनमध्ये. फोनच्या बाजूला ‘रिसीव्ह ओन्ली’ ठेवा आणि घरच्या बाजूला ‘सेंड ओन्ली’, म्हणजे फोनवर चुकून पुसलेलं घरी पुसलं जाणार नाही.

---

ठोकताळा

ड्राइव्हसाठी घरच्या डिस्कवरच ‘गाडी’ नावाचा फोल्डर ठेवा, रूपांतरित एमपीथ्रींचा. नवीन अल्बम आला की फूबारमधून त्यात उतरवा, टॅग रोमन करा, गेन लावा. महिन्यातून एकदा तो फोल्डर ड्राइव्हवर ओता आणि शेवटी ड्राइव्हसॉर्ट. ड्राइव्ह काढताना ‘इजेक्ट’ करूनच काढा. तसाच उपटलात तर शेवटच्या दोन-चार फायली शून्य आकाराच्या होतात आणि डेक तिथे येऊन अडकतो.